बियाचं पडवळ

आमच्या चाची कधी कुठली वस्तू बोटानं दाखवायच्या नाहीत. कुणी रस्ता विचारला तर हनुवटी उचलायच्या. दुकानात काही घ्यायचं असलं तर कोपर पुढं करायच्या. दुकानदार त्या कोपराच्या रेषेत बघत बघत साबणाऐवजी बिस्किटाचा पुडा काढायचा. "त्यो न्हवं रं. त्येच्या वरचा. आरं डावीकडं बघ की बाबा," असं चाललेलं असायचं, आणि मागं थांबलेली माणसं हसायची. एकदा मी हळूच म्हटलं, "चाची, बोट दाखवलं तर लवकर कळंल त्याला."

"हाताला खोड लागली की हात थांबत न्हाई," चाची म्हणाल्या. "आज दुकानात दाखवीन, उद्या वेलाखाली उभी राहून दाखवीन."

वेलावरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते झडतं, असं आमच्याकडं जुनी माणसं मानतात. माझी आईही मानायची. पण आईचं ते भोपळ्यापुरतं असायचं, आणि दाखवायचंच झालं तर ती बोट दुमडून दाखवायची. चाचींनी ते जगातल्या सगळ्या वस्तूंना लावलं होतं.

चाची म्हणजे आमच्या घरमालकीण. आटपाडीत त्यांच्या आवारात पुढं त्यांचं घर आणि मागं आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. जात बागवान, सगळा जन्म भाजी विकण्यात गेलेला. चाचा वारल्यावरही त्या आठवडी बाजारात बसायच्या. मुलगा टेम्पोतून माल आणायचा आणि चाची पोत्यावर मांडी घालून विकायच्या. मी माण तालुक्याकडची. आमचे मालक गलाईच्या कामाला. सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं हे काम आहे, आणि आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्यासाठी लांब लांब जातात. हे मिसरूड फुटायच्या आधीपासून तमिळनाडूत. वर्षातून एकदा घरी यायचे. बाकी वर्षभर मी, माझी लेक आणि शिलाई मशीन.

भाजी विकणाऱ्या बाईच्या घरात भाजी भरपूर असेल असं मला वाटायचं. तसं नव्हतं. चाची भाजी खायच्याच नाहीत. भाकरी, कांदा, लसणाची चटणी, शुक्रवारी खिमा. फार तर बटाटा. मुलगा कुरकुर करायचा तर म्हणायच्या, "दिसभर मेथी-मेथी वरडल्यावर ती रातीला नरड्याखाली कशी जाईल? इकलेला माल पोटात जात न्हाई बाबा."

फक्त एक पडवळ त्या खायच्या. कारण पडवळ त्यांनी कधी विकलं नव्हतं. आमच्या बाजारात त्याला गिऱ्हाईकच नाही. लोक म्हणतात, त्याला वास येतो. चाचींचं माहेर औंधचं. त्यांच्या अब्बांचा तिथं वाट्यानं केलेला मळा होता. लग्नात त्यांच्या ओटीत कुणी काय घातलं, चाचींच्या अब्बांनी पडवळाचं बी घातलं. तेव्हापासून मोरीच्या पाण्यावर दरवर्षी एक वेल, आणि दरवर्षी एक फळ बियाला ठेवायचं. ते पिकून लाल झालं की बी काढायचं, राखेत घोळायचं आणि मडक्यात ठेवून द्यायचं. किती वर्षं चाललं होतं ते त्याच जाणोत.

मग लॉकडाऊन आला. बाजार बंद, टेम्पो दारात उभा. पहिले काही दिवस चाची ओट्यावर नुसत्या बसून राहिल्या. नंतर एक दिवस सकाळी आवारात आरोळी ऐकू आली, "घ्या मेथीऽ, पालक, शेपू घ्याऽ!" मी भांडी टाकून बाहेर आले. चाची जिन्यावर उभ्या होत्या. हातात काही नाही, टोपलीत काही नाही. खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"चाची, काय झालं ओ?"

"काय हुतंय? आरोळी दिली न्हाई तर गळ्याला गंज चढतो."

रोज सकाळी त्या तशा ओरडायला लागल्या. गल्लीतली माणसं खिडकीतून बघून म्हणायची, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मुलाला लाज वाटायची. पण मला वाटतं, आधी आरोळी आली आणि तिच्या मागून भाजी आली. रोज मेथी, पालक म्हणून ओरडायचं आणि टोपली रिकामी, हे त्यांनाच बघवलं नसावं. घरात पडलेलं मेथीचं, धण्याचं बी त्यांनी बाहेर काढलं आणि जे हाताला लागेल त्यात लावायला सुरुवात केली. फुटकी घागर, गव्हाची पोती, चाचांची पत्र्याची ट्रंक. जिन्यावर, गच्चीवर, टेम्पोच्या हौद्यात माती. टेम्पोत माती बघून मुलगा डोक्याला हात लावून बसला.

पण खरा तमाशा हेल्मेटचा. एकदा मुलाला औषधाच्या दुकानात जायचं होतं आणि हेल्मेट सापडेना. घरभर शोधलं. शेवटी गच्चीवर सापडलं, उलटं करून विटांत बसवलेलं आणि वर कोथिंबीर हिरवीगार.

"आम्मा, आगं काय हे! पोलीस पकडतील मला!"

"पोलीस भाईरच पडू देत न्हाईत. मग हेल्मेट काय डोक्याला लावून झोपतोस व्हय?"

"मला औषधाला जायचंय!"

"मग जा की, तसंच घाल. इचारलं तर म्हणावं, कोथमीर हाय, जीवनावश्यक हाय."

मी जिन्याच्या आडोशाला उभी राहून पदर तोंडात कोंबून हसले होते. माझं हसू कुणी बघितलेलं मला आवडत नाही. चाचींनी मात्र बघितलं. "हसती बी व्हय गं तू?" एवढंच म्हणाल्या.

भाजी आल्यावर आरोळी खरी झाली. सकाळी आवाज आला की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर बांधून, लांब लांब उभ्या राहायच्या. चाची पैसे घ्यायच्या नाहीत. पण मागेल ते द्यायच्याही नाहीत. समोरची बाई भेंडी मागायला आली तर तिला पालक. "तुमच्यात सगळीच गुळगुळीत बोलत्यात. वर भेंडी कशाला?" वाणिणीला कारलं. मास्तरांच्या घरी लाल माठ, कारण मास्तर पांढरे दिसतात. आवडीचं कुणीही देईल, मी लागतंय ते देते, असं त्यांचं म्हणणं. तरी प्रत्येकाला विचारायच्या मात्र नक्की, "तुला खायला काय आवडतं गं?" उत्तर आलं की मान हलवून म्हणायच्या, "खोटं."

मी घाबरून म्हटलं, "चाची, खोटं कशावरनं?"

"माणूस काय खातो ते बघून कळत न्हाई. ताटात कडंला काय सारतो ते बघायचं."

मला त्यांनी मिरचीचं रोप दिलं होतं. "तू बोलत न्हाईस. जरा जीभ भाजली तर काय तरी भाईर पडंल." ते रोप मी जगवलं. भाजी लावायचं वेड मला लागलं ते त्या रोपापासून.

एक दिवस मिरच्या खुडताना त्यांनी मला विचारलं, "तुझ्या मालकाला काय आवडतं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काय आवडतं? ते सुट्टीला येणार म्हटलं की मी पुरणपोळी करायची, मटण करायची, बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं. ते सगळं खायचे. ताटात काही राहायचं नाही. चांगलं झालंय म्हणायचे आणि जायचे. लेक एवढी मोठी झाली, पण बाकी वर्षभर तो माणूस काय खातो, तिकडं संध्याकाळी कुणाच्या ताटावर बसतो, हे मी विचारलं नव्हतं. फोनवर जेवलात का म्हणायची. जेवलो म्हणायचे. काय जेवलात, हे कधी तोंडातून निघालं नाही.

"मला न्हाई माहीत," मी म्हटलं.

चाची माझ्याकडं बघत राहिल्या. पहिल्यांदाच त्या खोटं म्हणाल्या नाहीत.

पहिलं वर्ष असं गेलं. हे तिकडंच अडकले होते. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात रोग पुन्हा वाढला, आणि तो आमच्या गल्लीपर्यंत आला. तेव्हा मात्र ह्यांची भट्टी बंद झाली आणि हे निघून आले. आले ते अंगात ताप घेऊनच. मी लेकीला आधीच माहेरी पाठवलं होतं. तपासणी केली, ह्यांना निघाला, मला नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई दारावर कागद लावून गेल्या. हे आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. मध्ये बंद दार. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं.

ताप गेला, खोकला कमी झाला. पण वास आणि चव गेली ती गेलीच. ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, पण पोटात गेलं पाहिजे, अंगात ताकद नाही. मी काय काय केलं. पिठलं केलं, शिरा केला, अंडी दिली, चाचींनी सूप पाठवलं. ते दाराआडून म्हणायचे, "माती खाल्ल्यासारखं लागतंय गं. नको." खिडकीच्या गजांतून हात दिसायचा, तो मनगटात इतका बारीक झालेला की मी दुसरीकडं बघायची. गल्लीत ह्यांच्याच वयाचा एक माणूस तेवढ्यात गेला होता. मला रात्रंदिवस एकच, हे खातील कधी.

त्या खिडकीबाहेरच चाचींचा पडवळाचा मांडव होता. त्या वर्षी त्या वेलाचं काही खरं नव्हतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये उत्साहाच्या भरात चाचींनी मडक्यातलं जवळजवळ सगळं बी गल्लीत वाटून टाकलं होतं. कुणाचं शेळीनं खाल्लं, कुणी पाणी घातलं नाही, बाकीच्यांना त्याचा वासच आवडला नाही. मडक्याच्या तळाशी राहिलेल्या बियांतला हा एक वेल. उन्हानं त्याची फुलं गळत होती. दोन-तीन कळ्या धरल्या आणि झडल्या. पोरांनी बोट दाखवलं असणार, असं चाचींचं म्हणणं. शेवटी एकच पडवळ धरलं. चाचींनी त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली, म्हणजे हे बियाचं, ह्याला कुणी हात लावायचा नाही. शेंड्याला दोऱ्यानं एक खडा बांधला, म्हणजे ते वाकडं न होता सरळ वाढतं. रोज सकाळी रोज्याच्या तोंडानं त्या मांडवाखाली येऊन उभ्या राहायच्या. रमजान होता. "हे गेलं तर औंधचं बी संपलं," मला म्हणाल्या. पडवळाकडं नुसती हनुवटी उचलायच्या.

आमच्या दारावर कागद लागल्यापासून येणारी-जाणारी माणसं रस्त्यावर थांबायची आणि दाखवायची. त्या घरात निघालाय, ती मागची खोली. वाणीण तर दुसऱ्या गल्लीतल्या बायकांना आणून दाखवायची. एका दुपारी चाची ओट्यावरून कडाडल्या, "बोट खाली कर गं! खाली कर आधी!"

वाणीण दचकली. "आवं चाची, मी तुमच्या वेलाला न्हाई दाखवत. मी तर आपलं..."

"काय बी दाखव. माझ्या आवारात बोट करायचं न्हाई. घरला जा."

वाणीण पुटपुटत गेली. मी दाराआड उभी होते. चाची वेलासाठी ओरडल्या का आणखी कशासाठी, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

एकदा मी धीर करून विचारलं होतं, "चाची, बोट दाखवल्यानं खरंच झडतं का ओ?"

"तूच दाखवून बघ की," त्या म्हणाल्या आणि माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मी हात पाठीमागं घेतला. कोण दाखवील?

एका सकाळी वेलाची वाळकी पानं चाची खुडत होत्या. मी मोरीवर भांडी घासत होते. खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "पडवळ हाय का गं हितं कुठं?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "का ओ?"

"वास येतोय."

चाची खुडायच्या थांबल्या. पडवळाचं पान चुरगळलं की उग्र वास सुटतो. लोक त्या वासानंच नाक मुरडतात. इतक्या दिवसांत ह्या माणसाला उदबत्तीचा वास आला नव्हता, फोडणीचा आला नव्हता.

"तुमाला पडवळ माहीत हाय?" मी विचारलं.

"तिकडं लय खात्यात. आमच्या खोलीशेजारी एक म्हातारी हुती, ती मुगाची डाळ आन ओलं खोबरं घालून करायची. आठवड्यातनं दोनदा तरी. लय आवडायचं मला." मग म्हणाले, "ते असतं तर दोन घास खाल्लं असतं."

इतक्या वर्षांत मला हे आवडतं असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, आणि ती वस्तू माझ्यापासून चार हातांवर लोंबत होती. देठाला लाल चिंधी. चाची माझ्याकडं बघत होत्या. मी खाली मान घातली आणि पातेलं घासायला लागले. "बाजारात बघते," म्हटलं. बाजार बंद होता, आणि चालू असता तरी आटपाडीत पडवळ मिळत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

चाची म्हणाल्या, "कापू का गं?"

"न्हाई चाची. न्हाई. ते बियाचं हाय."

"बघ."

"न्हाई म्हटलं ना." माझा आवाज जरा मोठाच निघाला. चाची गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी घेऊन येत होते. आवारात शिरले तर चाची मांडवाखाली उभ्या, आणि खिडकीच्या गजांतून ह्यांचा हात बाहेर आलेला. बोट सरळ ताठ. सरळ पडवळाकडं.

"हाय अल्ला!" चाची ओरडल्या. अशा ओरडल्या की मुलगा घरातून पळत आला, समोरच्या खिडक्या उघडल्या. "दाखवलंस! दाखवलंस रं बाबा बोट! आता काय उपेग!"

माझी कळशी खाली आली. मी म्हटलं, "आवं, काय केलंत हे?" ह्यांनी हात आत घेतला. मला इतकी लाज वाटली की जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. ह्या बाईच्या घरात राहतो, तिचं शेवटचं बी, आणि माझ्या माणसानं असं करावं.

"चाची, माफ करा. तो तिकडंच राहिलेला माणूस. त्येला माहीत न्हाई..."

"माहीत असो नसो. बोट लागलं ते लागलं. उद्या पिवळं पडंल, परवा झडंल." मुलाकडं वळून म्हणाल्या, "इळा आण."

"आम्मा, राहू दे की. बघू दोन दिवस."

"आण म्हणती ना! झडलेलं कुत्रं बी खात न्हाई. कापलं तर कुणाच्या तरी पोटात जाईल."

इळा आला. चाचींनी चिंधी सोडली, दात लावून गाठ काढली आणि ती कमरेला खोचली. देठ कापला. शेंड्याचा खडा तसाच ठेवून पडवळ माझ्या हातात दिलं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, माझ्या हाताएवढं लांब, आणि खालून खड्यानं ओढल्यासारखं जड.

"घे. आता तुझं ‘न्हाई’ म्हणणं ऐकायचं न्हाई."

करायचं कसं ते ह्यांनी खिडकीतून सांगितलं. बिया काढ, गोल काप, डाळ अर्धी कच्ची ठेव, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं. खोबरं कुठून आणायचं? ह्यांना बरं वाटलं की औंधला यमाईला वाहायचा म्हणून मी एक नारळ देवापाशी ठेवला होता. मी त्या नारळाकडं बघते आहे, हे चाचींनी ओळखलं.

"फोड की. यमाई माझ्या माहेरची हाय. काय म्हणायची न्हाई. तिला दुसरा ने."

मी नारळ फोडला. चाची दाराशी, हातभर लांब, उंबऱ्याबाहेर बसल्या. भाजी शिजत आली तसा तो वास घरभर झाला. मग एकाएकी चाची म्हणाल्या, "मीठ कुणी बघायचं?"

खरंच. चाचींना रोजा. ह्यांच्या जिभेला चव नाही. राहिले मी, आणि मी जन्मात पडवळ खाल्लं नव्हतं.

मी चमच्यानं थोडं तोंडात घेतलं.

"कसं लागतं?"

"बरं हाय."

"बरं हाय म्हंजी काय? नीट सांग. मला तर खाता येत न्हाई."

मी डोळे मिटले आणि पुन्हा एक घास घेतला. "आधी दोडक्यासारखं लागतंय. मग न्हाई लागत. पान खुडल्यावर बोटाला वास येतो बघा, तसं लागतंय. आन मागनं खोबरं येतंय."

"मऊ हाय?"

"कडंला जरा करकर हाय. आत मऊ."

"हां," चाची म्हणाल्या. त्यांनी एक आवंढा गिळला. "तसंच असतं. मीठ?"

"कमी हाय."

"मग घाल की, बघत काय बसलीस?"

ताट उंबऱ्यावर ठेवलं. दार लोटलं. मी आणि चाची दाराकडं तोंड करून बसलो. आत चमच्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग बराच वेळ येत राहिला. थोड्या वेळानं दाराआडून ह्यांनी विचारलं, "अजून हाय का गं?"

चाची उठल्या आणि पदर झटकून निघून गेल्या. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी मी त्यांच्याकडं एक वाटी ठेवायला गेले. तर त्यांनी ती परत पाठवली. "सकाळी त्येला दे. मी खजूर खाल्ली."

ह्यांची चव एकदम आली असं नाही. पण त्या दिवसापासून ताट रिकामं यायला लागलं. पुढं हे उठून बसले, हिंडले, आणि भट्टी सुरू झाल्यावर परत गेले. मी यमाईला दुसरा नारळ नेला.

चाचींनी मात्र त्या मांडवाखाली जायचं बंद केलं. बोट लागलेला वेल, त्याला काय बघायचं, म्हणायच्या. मोरीचं पाणी जात होतं म्हणून वेल आपला जगला. पाऊस सुरू झाला, पानं माजली. श्रावणात मी मांडवामागं पडलेलं पोतं उचलायला गेले तर पोत्याआड, भिंतीच्या फटीत, एक पडवळ लाल होऊन उकललेलं. ना चिंधी, ना खडा. वाकडं होऊन स्वतःभोवती वळलेलं. मी चाचींना ओढत आणलं. त्या कितीतरी वेळ वाकून बघत होत्या.

"कुणी बघितलंच न्हाई," शेवटी म्हणाल्या, "म्हणून राहिलं."

त्यातलं अर्धं बी त्यांनी मला दिलं.

चाची आता सांगलीला लेकीकडं असतात. गुडघे गेले, जिना चढवत नाही. आवार मुलाच्या ताब्यात आहे, आम्ही अजून तिथंच आहोत आणि मांडव माझ्याकडं आहे. गेल्या उन्हाळ्यात हे सुट्टीला आले. आता मी काय करायचं ते विचारून करते. जेवताना पडवळ वाढलं तर हे हसायला लागले.

"काय झालं?"

"तुला अजून वाटतं, त्या दिवशी मी आपणहून बोट दाखवलं?"

मी वाढायची थांबले.

"आगं, तू पाण्याला गेलीस आन चाची खिडकीशी आल्या. म्हणाल्या, हात भाईर काढ. मी काढला. म्हणाल्या, बोट कर, त्या फळाकडं. मी म्हटलं, चाची, तुमीच तर नको म्हणता. तर म्हणाल्या, मी सांगते ना. सरळ कर. वाकडं नको. आन तू फाटकात आल्यावर जे वरडल्या, मी बी घाबरलो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली हुती. म्हणाल्या, तुझी बायको एकदा न्हाई म्हणाली की तिचं न्हाई लय घट्ट असतंय."

मी दिवसभर तेच धरून बसले. म्हणजे ते बोटाचं सगळं नाटक होतं तर. कोपर पुढं करायचं, हनुवटी उचलायची, वाणिणीवर ओरडायचं, सगळंच. चाची बाजारातली बाई. गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल कसा घालायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. मला गंमत वाटली, आणि जरा रागही आला. इतकी वर्षं मी दुकानात बोट दुमडून साबण मागते.

पावसाळ्यात काही कामानं सांगलीला जाणं झालं तेव्हा चाचींना भेटायला गेले. लिफ्टनं वर गेलं की तिसऱ्या मजल्यावर छोटी खोली. गॅलरीत मात्र डबे मांडलेले होतेच, आणि एका डब्यात मेथी. मी त्यांना मोबाईलमध्ये मांडवाचा फोटो दाखवला. यंदा वेल भरून आला आहे. मोठी पडवळं खडे बांधून उभी आणि मधे मधे बारकी, बोटाएवढी. चाचींनी मोबाईल डोळ्यांशी नेला, लांब नेला.

"ह्यातलं बियाचं कुठलं?"

"हे बघा, चाची, हे," म्हणत मी फोटो मोठा करायला बोट पुढं नेलं.

चाचींनी माझा हात फटकन धरला. चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. त्यांनी माझं बोट आपल्या मुठीत घेतलं, दुमडलं आणि तसंच घट्ट धरून ठेवलं.

"फोटू हाय ओ, चाची," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "कोवळी हायत."